प्रकल्प नोंदी : परसातल्या वनस्पतींपासून ऊतींच्या काचपट्ट्यांचा संच

१८ जून २०२४

शाळा सुरू झाली आणि प्रयोगशाळेचे कपाट उघडताच या वर्षीचे पहिले काम समोर आले. वनस्पती ऊतींच्या, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या पेशींच्या समूहांच्या, काचपट्ट्यांची जुनी पेटी दमट हवेने निकामी झाली आहे. पंचवीसपैकी अठरा पट्ट्यांचा रंग उडाला आहे, काहींवर बुरशीची जाळी पसरली आहे आणि नावांच्या चिठ्ठ्या झुरळांनी कुरतडल्या आहेत. नवी पेटी मागवता येईल. परंतु गेली काही वर्षे मला एक गोष्ट सलत आहे. नववीची मुले मूल ऊती (पातळ भित्तिकांच्या पेशींची), स्थूलकोन ऊती (कोपऱ्यांत जाड भित्तिकांची) आणि दृढ ऊती (जाड, कडक भित्तिकांची) यांच्या आकृत्या सुबक काढतात, भागांना अचूक नावे देतात, आणि तरीही यांपैकी कोणती ऊती आज सकाळी घरी विळीवर चिरली गेली, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून यंदा संच विकत न घेता शाळेच्या आसपासच्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या कोणत्याही परसात आढळणाऱ्या वनस्पतींपासून तो तयार करायचा, आणि प्रत्येक काचपट्टीसोबत त्याच वनस्पतीचा तुकडा मुलांच्या हातात द्यायचा, असे ठरवले आहे. सूक्ष्मदर्शक दोन आहेत आणि मुले अडतीस. त्यामुळे भिंगापाशी पाळी येईपर्यंत हातातल्या तुकड्याला ओढून, मोडून आणि दाबून पाहायला मुलांना भरपूर वेळ मिळेल.

परिभाषेचा प्रश्नही आजच मिटवला. जुन्या मराठी ग्रंथांत ऊतक, मृदूतक, दृढोतक, प्रकाष्ठ, परिकाष्ठ असे शब्द आहेत आणि ते मला मनापासून आवडतात. तथापि, मुलांना परीक्षेत पाठ्यपुस्तकातलेच शब्द लिहावे लागतात. त्यामुळे चिठ्ठ्यांवर ऊती, मूल ऊती, दृढ ऊती, जलवाहिनी (पाणी नेणारी) आणि रसवाहिनी (अन्न नेणारी) हेच शब्द राहतील.

२६ जून २०२४

कांद्याच्या मुळांपासून सुरुवात केली. शनिवारी पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा असा ठेवला होता की त्याचा तळ पाण्याला जेमतेम टेकेल. आज त्याला दोन-तीन सेंटिमीटर लांबीची पांढरी मुळे आली आहेत. टोकाकडचे दोन मिलिमीटर कापून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम केले, ॲसिटोकार्माइनने रंगवले आणि कव्हर स्लिपखाली अंगठ्याने हलकेच दाबून पसरवले. विभाजी ऊती, म्हणजे सतत विभाजन पावणाऱ्या पेशींची ऊती, पहिल्याच प्रयत्नात दिसली. पेशी लहान, एकमेकींना चिकटून, भित्तिका पातळ, रिक्तिका (पेशीतल्या द्रवाच्या पिशव्या) जवळजवळ नाहीत, आणि प्रत्येक पेशीत केंद्रकाने इतकी जागा व्यापलेली की बाकीच्या पेशीद्रव्याला कडेने बसावे लागते. तीन-चार पेशींत गुणसूत्रे वेगळी झालेली स्पष्ट दिसली.

त्याच मुळाचा टोकापासून एक सेंटिमीटर वरचा तुकडा मुद्दाम दुसऱ्या पट्टीवर घेतला. तेथे पेशी लांबट झालेल्या आहेत, त्यांत मोठ्या रिक्तिका आहेत आणि विभाजन थांबलेले आहे. विभाजी ऊतीतून स्थायी ऊती कशी घडते, हे या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावर जितके कळते, तितके एका पट्टीवर कळत नाही. संचात ही जोडीच राहील.

२९ जून २०२४

मैदानाच्या कडेला उंच गवत वाढले आहे. त्याची काडी वरून धरून ओढली की ती पेराच्या किंचित वर अलगद सुटते आणि सुटलेले टोक फिकट, ओलसर आणि कोवळे असते. तेच टोक चघळत मुले घरी जातात. आंतरीय विभाजी ऊती तेथेच असते आणि ती कोवळी असल्यामुळेच काडी तेथे तुटते. गुरांनी शेंडा खाल्ल्यावरही गवत पुन्हा वाढते, कारण वाढीची जागा पेराशी, तोंडाच्या आवाक्याखाली सुरक्षित राहिलेली असते. या ऊतीची काचपट्टी केली नाही. काडी ओढण्याचा अनुभव पुरेसा आहे.

४ जुलै २०२४

आज अळू घेतला. विहिरीलगतच्या पन्हळीपाशी तो भरपूर माजला आहे. बटाट्याच्या फोडीत देठाचा तुकडा बसवून ब्लेडने आडवे छेद घेतले, सॅफ्रानिन या लाल रंगात रंगवले आणि ग्लिसरीनवर ठेवले. पहिल्या छेदावर सुईसारख्या बारीक रेघा विखुरलेल्या दिसल्या. काचेवर ओरखडे आहेत असे समजून मी पट्टी बदलली. दुसऱ्या पट्टीवरही तेच. मग वस्तुभिंग पुसले, आणि रेघा कायमच. तोपर्यंत बोटांच्या बेचक्यांत खाज सुटू लागली होती, आणि तेव्हा उलगडा झाला. त्या रेघा म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया होत. मूल ऊतीतल्या काही पेशी हे काम स्वतःकडे घेतात आणि अशा सुयांचे जुडगे साठवून ठेवतात. अळू चिरताना हाताला तेल किंवा चिंच का लावतात आणि फदफद्यात आंबट का घालतात, हे लहानपणापासून ठाऊक होते. त्यामागची पेशी आज प्रथमच डोळ्यांनी पाहिली. जवळजवळ तासभर वाया गेला असे मी म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी हातमोजे घालीन.

छेदाचा बाकीचा भाग मूल ऊतीचा आहे, आणि तोही एकसारखा नाही. पातळ भित्तिकांच्या जिवंत पेशींच्या एकेरी ओळी मोठमोठ्या पोकळ्यांभोवती फिरलेल्या आहेत. पाठ्यपुस्तकातली वायू ऊती ती हीच. मुळे चिखलात असणाऱ्या वनस्पतीला खालून हवा मिळत नाही, म्हणून पानांतून आलेली हवा या पोकळ्यांतून मुळांपर्यंत उतरते. देठाचा ताजा तुकडा पाण्यात बुडवून दाबला तर कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ निघते. हा प्रयोग वर्गात करायचा. देठ हातात हलका का लागतो, याचे उत्तर मुले त्यावरून स्वतःच देतील.

६ जुलै २०२४

अळूचा देठ सोलताना सालीबरोबर जे दोरे निघतात, ते कोणत्या ऊतीचे हा आजचा प्रश्न होता. माझा स्वतःचा अंदाज दृढ ऊतीचा होता, कारण दोरा म्हटले की तंतू आठवतात. छेदाने तो खोटा ठरवला. अपित्वचेच्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थराच्या, लगेच खाली, ठरावीक अंतरावर, जिवंत पेशींचे पुंजके आहेत. त्यांच्या भित्तिका फक्त कोपऱ्यांत जाड झालेल्या आहेत, आणि जेथे तीन-चार पेशींचे कोपरे एकत्र येतात, तेथे मोत्यासारखे चकाकणारे ठिपके दिसतात. सॅफ्रानिनने त्यांना गडद लाल रंग चढत नाही, कारण त्या जाडीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा, सॅफ्रानिनने लाल होणारा पदार्थ) नसून सेल्युलोज आणि पेक्टिन आहे. ही स्थूलकोन ऊती आहे.

मग तो दोरा आणि सुतळी उसवून काढलेला तागाचा धागा यांची तुलना केली. ताग हा रसवाहिनीलगतच्या दृढ तंतूंचा असतो. त्या पेशी मृत, लांब आणि लिग्निनने कडक झालेल्या. दोन्ही दोरे दहा सेंटिमीटरचे घेऊन पट्टीवर ताणले. तागाचा धागा जवळपास ताणलाच गेला नाही आणि जोर वाढवताच तुटला. अळूचा दोरा सुमारे दोन मिलिमीटर लांबला आणि सोडल्यावर तसाच लांबलेला राहिला. हा फरक मला आजपर्यंतच्या सर्व निरीक्षणांत सर्वांत मोलाचा वाटतो. वाढत्या देठाला आधार तर हवा, पण तो आधार त्याच्याबरोबर वाढणाराही हवा. जो ताणला की मूळ लांबीवर परत येतो, तो आधार वाढीला आडकाठी करील. म्हणून कोवळ्या, वाढत्या अवयवांत स्थूलकोन ऊती असते आणि वाढ पूर्ण झालेल्या भागांत दृढ ऊती असते. ‘लवचिकता व आधार देणे’ असे कार्य मुले पाठ करतात. लवचिकता कशासाठी, हे या दोन मिलिमीटरांत आहे.

१५ जुलै २०२४

अपित्वचेसाठी ऱ्हिओ या शोभेच्या रोपाचे पान उत्तम, कारण जांभळ्या बाजूची साल नुसत्या ओढण्याने निघते. रंगीत पेशींच्या फरशीत हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या घेवड्याच्या दाण्यांसारख्या समोरासमोर बसलेल्या दिसतात. पट्टीवर मिठाचे पाणी सोडल्यावर रक्षक पेशींतील पाणी बाहेर पडले आणि पर्णरंध्रे मिटली.

अळूच्या पानावर मात्र भिंगाआधी पाणीच ओतले. ‘अळवावरचे पाणी’ हा शब्दप्रयोग सर्वांना माहीत असतो. तो ज्या थरामुळे रूढ झाला, तो थर म्हणजे अपित्वचा. तिच्या प्रत्येक पेशीला बारीक उंचवटा असतो आणि त्यावर मेणाचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे थेंबाला पानाला चिकटायला जागाच मिळत नाही आणि तो धूळ घेऊन घरंगळतो. बोटाने एक पट्टा जोराने घासून मेण काढले, तर पाणी तेथे पसरून राहते. पानाचा हा घासलेला आणि न घासलेला भाग शेजारी ठेवून दाखवायचा.

२१ जुलै २०२४

शेजारच्या रोपवाटिकेत आंब्याची कोय कलमे बांधणे चालू आहे. परवानगी घेऊन दोन तास तेथे बसले. कोयीतून उगवलेल्या कोवळ्या तांबूस रोपाचा शेंडा कापतात, खोडाला मध्ये चीर देतात, हापूसच्या काडीला पाचरीचा आकार देऊन ती चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. कलम बांधणाऱ्या आजोबांनी काडी आणि रोप एकाच जाडीचे निवडण्याचा आग्रह धरला. रोप जाड असेल तर काडी मध्ये न ठेवता एका कडेला सरकवायची, म्हणजे निदान एका बाजूला ‘सालीला साल भिडते’, असे ते म्हणाले. त्यांच्या या वाक्यात पार्श्व विभाजी ऊतीचा सगळा धडा आहे. साल आणि लाकूड यांच्या मधोमध कँबियमचा अतिशय पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला जलवाहिनी आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिनी तयार करतो. दोन्ही झाडांचे हे थर भिडले तर आधी जखमेच्या जागी मूल ऊतीच्या पेशींचा भराव होतो, मग त्यातून कँबियमचा सांधा जुळतो आणि नंतर पाण्याची व अन्नाची वाट सलग होते. थर भिडले नाहीत, तर काडी काही दिवस हिरवी राहते आणि नंतर वाळते. एक फसलेले कलम मागून आणले आहे. त्याचा उभा छेद संचात जाईल.

४ ऑगस्ट २०२४

कँबियम असल्याने काय होते ते आंब्यात पाहिले; ते नसल्याने काय होते हे माडात पाहायचे होते. पाडेली आज नारळ उतरवायला आले होते. माडावर चढण्यासाठी खोडात पायाच्या खाचा मारलेल्या असतात. त्यांतील छातीइतक्या उंचीवरच्या एका खाचेवर हात ठेवून ते म्हणाले, “बाईनू, ही खाच माझ्या बापाशीन मारलेली, आजून थयच आसा.” खाचेच्या कडा झिजल्या आहेत, परंतु ती भरून आलेली नाही. आंब्याच्या खोडावर घाव घातला तर काही वर्षांत कडेने नवी साल आणि लाकूड येऊन तो बुजतो. माडाला कँबियम नसल्यामुळे नवे लाकूड घालणारा थरच नाही. त्याच कारणाने माड वर्षागणिक जाड होत नाही. खोडाची जाडी शेंड्याखालीच ठरते आणि मग त्याच जाडीने ते वर जाते. कापलेल्या खोडावर वर्तुळे दिसत नाहीत. विखुरलेल्या वाहिनीबंधांचे (जलवाहिनी व रसवाहिनी यांच्या जुडग्यांचे) काळपट ठिपकेच दिसतात, कडेला दाट आणि आत विरळ.

गेंड्या भुंग्याची एवढी धास्ती का, हेही येथे उमगते. माडाला वाढीचा एकच बिंदू, शेंड्यातली प्ररोह विभाजी ऊती. भुंग्याने कोवळ्या कोंबात भोक पाडले आणि कूज त्या बिंदूपर्यंत गेली, की साठ फुटांचे झाड मरते, कारण तेथे दुसरे काही उगवू शकत नाही.

नारळाचे एक सोडण घरी आणले. त्यातला काथ्या दृढ तंतूंच्या जुडग्यांचा आहे आणि तंतूंच्या मधला तपकिरी भुसा मूल ऊतीचा. सोडणे कित्येक महिने पाण्यात कुजत ठेवतात, तेव्हा पेशींना जोडणारे पेक्टिन जिवाणू खातात आणि मऊ ऊती सुटते. लिग्निनयुक्त तंतू त्या कुजण्यातून तावूनसुलाखून बाहेर पडतात आणि त्यांचा दोर वळला जातो. करवंटी हीदेखील दृढ ऊतीच, परंतु तिच्या पेशी लांब नसून आखूड आणि दगडी आहेत.

१२ ऑगस्ट २०२४

पेरूचा गर दाताखाली कचकचतो, त्या दगडी पेशींची पट्टी सोपी झाली. गराचा कण काचेवर चिरडून सॅफ्रानिन लावले. फिकट, फुगीर मूल पेशींच्या मध्ये लालभडक पुंजके दिसतात. प्रत्येक पेशीची भित्तिका इतकी जाड की आत केवळ बारीक पोकळी उरते आणि तिच्यापासून कालव्यांसारख्या खाचा बाहेर जातात. भित्तिका जाड होत असताना पेशी जिवंत होती आणि शेजारणींशी या खाचांतूनच संपर्क ठेवीत होती.

एका मुलीने विचारले, “बाई, मग कापूसपण दृढ ऊतीच ना?” प्रश्न चांगला होता. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या अपित्वचेतून वाढलेली एकच पेशी. ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची असते. म्हणून तो मऊ राहतो, आणि लिग्निन असलेला ताग खरखरीत लागतो. दोघांचे कापड होते, परंतु त्यांच्या ऊती वेगळ्या आहेत.

२३ ऑगस्ट २०२४

जुलैमधल्या चार पट्ट्यांच्या कडांनी बुरशी शिरली. कव्हर स्लिपच्या चारी बाजू नखांच्या रंगाने बंद केल्या आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. अळूच्या दोन पट्ट्या पुन्हा कराव्या लागल्या.

१० सप्टेंबर २०२४

आज गौरींचे आवाहन. घरोघरी तेरडा आणला गेला, त्यातली मुळांसकट चार रोपे मी बाजूला काढली. तेरड्याचे खोड अर्धपारदर्शक असल्यामुळे जलवाहिनीचे काम भिंगाशिवाय दिसते. लाल शाईच्या पाण्यात रोप ठेवले. तासाभरात खोडात लाल रेघा वर सरकलेल्या दिसल्या आणि संध्याकाळी पांढऱ्या पाकळ्यांच्या शिरांत रंग उतरला. आडवा छेद घेतला तर लाल ठिपक्यांचे वर्तुळ, त्यांच्या मध्ये काही नाही.

ज्या वाहिकांतून हे पाणी चढले, त्या मृत आहेत. पेशी पूर्ण वाढली, भित्तिकेवर लिग्निनचे वेढे चढले, मग आतले जीवद्रव्य नाहीसे झाले आणि टोकांच्या भिंती विरघळल्या, तेव्हा कोठे नळी तयार झाली. पानांतून बाष्प बाहेर पडते तसा पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो, ही उपपत्ती डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये मांडली. त्या ओढीने नळी आत दबू नये म्हणून लिग्निनचे वेढे लागतात. विहिरीच्या पंपाच्या शोषनळीत तारेचे वेटोळे का असते, ते मुलांना माहीत आहे. वर्गात तिथूनच सुरुवात करीन.

२४ सप्टेंबर २०२४

रसवाहिनी दाखवणे सर्वांत अवघड गेले. लाल भोपळ्याच्या वेलाचे खोड घेतले, कारण त्यात जलवाहिनीच्या आत आणि बाहेर अशा दोन्ही बाजूंना रसवाहिनी असते आणि चालनी नलिका, म्हणजे अन्नरस वाहणाऱ्या तिच्या नळ्या, रुंद असतात. तीन दिवसांत चाळीसएक उभे छेद घेतले. चाळणीसारखी छिद्रे असलेली आडभिंत केवळ दोनदा स्वच्छ दिसली. बाकीच्या ठिकाणी नलिका बुळबुळीत गाठींनी बुजलेल्या होत्या. वेल कापला जाताच आतल्या दाबाने रस बाहेर येऊ लागतो आणि वनस्पती प्रथिनांच्या गाठींनी छिद्रे बंद करून तो थांबवते. म्हणजे ज्या ब्लेडने मी ती पाहू इच्छिते, त्याच ब्लेडमुळे ती मिटते. यावर उपाय म्हणून खोड कापण्याआधी त्यावर उकळते पाणी ओतले, आणि नंतरचे छेद बरेच बरे आले.

चालनी नलिकेच्या पेशीत प्रौढ झाल्यावर केंद्रक राहत नाही, तरी ती जिवंत असते. तिचे व्यवहार शेजारची सहपेशी चालवते. जलवाहिनीला मेल्याखेरीज काम करता येत नाही आणि रसवाहिनीला मेल्यावर काम करता येत नाही. पाणी बाहेरच्या ओढीने चढते, त्याला मोकळी नळी पुरते. साखर मात्र पानाकडच्या टोकाला ऊर्जा खर्चून आत भरावी लागते आणि तेथे वाढलेल्या दाबाने रस मुळे, फळे, कोंब यांच्याकडे ढकलला जातो. ही दाबप्रवाहाची कल्पना एर्न्स्ट म्यूंख यांनी १९३० मध्ये विस्ताराने मांडली.

१४ नोव्हेंबर २०२४

काल तुळशीचे लग्न झाले. वृंदावनाशी बांधलेल्या उसांपैकी दोन प्रयोगशाळेत आणले. कांड्याच्या कापावर वाहिनीबंधांचे ठिपके नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. ऊस चावला की रस येतो तो मूल ऊतीच्या पेशींतल्या रिक्तिकांचा. तोंडात जो चोथा उरतो ते वाहिनीबंध आणि त्यांच्याभोवतीचे दृढ तंतूंचे वेष्टन. चोथा धुऊन रंगवला: वेष्टन लाल, आत दोन मोठ्या वाहिका, त्यांच्या बाहेरच्या बाजूला रसवाहिनीचा लहानसा पुंजका. आतापर्यंत केलेल्या पट्ट्यांतले जवळजवळ सगळे येथे एका घासात आहे.

म्हणून संचाचा क्रम बदलला. पाठ्यपुस्तकाप्रमाणे विभाजी ऊती आधी आणि स्थायी ऊती नंतर, असा तो लावला होता. आता पहिला तास उसाचा असेल.

२२ नोव्हेंबर २०२४

आज नववीला संच दाखवला. प्रत्येकाला उसाचा कांडका दिला, चोथा थुंकून न देता कागदावर ठेवायला सांगितला आणि त्यातला एकेक धागा वेगळा करून तो ओढायला लावला. पाळी येईल तसे एकेक जण भिंगापाशी आले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने डोळा नेत्रिकेला लावला, वर पाहिले, कागदावरचा धागा उचलून पुन्हा ताणला, आणि विचारले की अळूचे दोरे आणि हे धागे रंगवल्यावर एकसारखे लाल होतात का. दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या. उत्तर त्याने स्वतः वहीत लिहिले.

संचात सध्या एकोणीस पट्ट्या आहेत. बटाट्याच्या सालीवरच्या त्वक्षेची, म्हणजे बुचासारख्या थराची, पट्टी राहिली आहे. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये पेशी हा शब्द ज्या बुचाच्या कापावरून वापरला, त्याच जातीची ही ऊती असल्यामुळे ती हवीच. भोपळ्याच्या रसवाहिनीची पट्टी आणखी पातळ छेदाची करायची आहे. अळूचे देठ मात्र दर वर्षी ताजेच आणावे लागतील. कोरड्या दोऱ्याला ते दोन मिलिमीटर ताणता येत नाहीत.